आंब्याचा वाडगा आणि पितळेचे पाय

तुटलेल्या पायापासूनच सुरुवात करते. ऑक्टोबरातली दुपार, पुण्यातल्या नऱ्ह्याची माझी लाकूडकामाची शेड. तयार होत आलेला, आंब्याच्या लाकडाचा वाडगा मी कडप्प्यावर ठेवत होते. टक् असा बारीक आवाज झाला आणि तीन पायांतला एक वेगळा होऊन फरशीवर घरंगळला. वाडगा पडला नव्हता की आपटला नव्हता. जरा तिरका टेकला, एवढंच. कोरीवकाम करणारे मिस्त्रीकाका समोर बसले होते. त्यांनी पाय उचलला, तुटलेली बाजू अंगठ्याने चाचपली आणि म्हणाले, “ताई, हा पाय लाकडाचा नव्हताच.”

त्या क्षणी मला राग आला. दोन दिवसांनी कळलं की सगळ्या प्रकरणाचं निदान त्यांनी त्या एका वाक्यात केलं होतं.

काम एप्रिलमध्ये आलं होतं. एरंडवण्यातला एक जुना बंगला पुनर्विकासाला गेला होता आणि अंगणातला आंबा रीतसर परवानगी घेऊन पाडला होता. घरच्या काकूंनी खोडाचा अडीच फुटी तुकडा ठेवून घेतला होता. “नव्या फ्लॅटमध्ये झाड तर नेता येत नाही. काहीतरी करून द्या, हॉलमध्ये ठेवता येईल असं.” खायचे पदार्थ ठेवायचे नव्हते, नुसती शोभेची वस्तू हवी होती. सोबत त्यांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. सासूबाईंच्या देवघरातलं पितळी भांडं होतं ते. पसरट, आणि खाली बाहेर वळलेले तीन नाजूक पाय. शंखाच्या अडणीला असतात ना, तसेच. “अगदी असंच, फक्त आंब्याचं. आणि काठाला कोयऱ्या.”

मी हो म्हटलं. चूक इथेच झाली, एप्रिलमध्ये. ऑक्टोबरात फक्त ती दिसली.

तुकडा वीस दिवस पार्किंगमध्ये, उघड्यावर पडून होता. पुण्यातला एप्रिल म्हणजे दुपारची हवा कोरडी ठणठणीत. ओल्या लाकडातलं पाणी खोडाच्या कापलेल्या तोंडांतून सगळ्यात जोरात बाहेर पडतं. तोंडं आधी आकसतात, आतलं लाकूड तसंच ओलं राहतं आणि मग भेगा पडतात. दोन्ही तोंडांना गाभ्यापासून निघालेली चांदणी दिसतच होती. पाडल्या दिवशीच तोंडांना वितळलेलं मेण फासलं असतं, नाहीतर घरात उरलेला ऑइलपेंटचा जाड हात दिला असता, तरी बरंच वाचलं असतं. दोन्हीकडून तीन-तीन इंच कापून टाकले तेव्हा भेगा संपल्या. मग खोड मधोमध उभं चिरलं आणि गाभ्याची पट्टी काढून टाकली. गाभा ठेवून वाडगा केला तर तो फुटणार हे ठरलेलंच. खोडाचा व्यास साडेतेरा-चौदा इंच होता, त्यामुळे दोन अर्धगोल ठोकळे मिळाले. एक कामाचा आणि एक राखीव. राखीव ठोकळा असलाच पाहिजे, हे मी आधी दोनदा हात पोळल्यावर शिकले आहे.

वाडग्याचं तोंड गाभ्याकडे आणि बूड सालीकडे ठेवलं. अर्धगोल ठोकळ्यात वाडग्याचा आकार असाच नीट बसतो. याचा अर्थ पाय खोडाच्या अगदी बाहेरच्या, कोवळ्या लाकडात येणार होते. त्या भागात पिष्ट जास्त असतं आणि लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याला तेच हवं असतं. हे मला माहीत होतं. ओलं लाकूड बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सच्या पाण्यात बुडवून ठेवावं, हेही माहीत होतं. शेडमध्ये एवढा मोठा टब नव्हता, म्हणून पुढच्या वेळी बघू म्हटलं. हा धागा शेवटी परत येईल.

ओलं लाकूड लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, दोन टप्प्यांत कातायचं असतं. आधी जाडजूड आकार काढायचा, तो महिनोन्‌महिने वाळू द्यायचा, वाळताना जे काय वाकायचं ते वाकू द्यायचं आणि मग पुन्हा यंत्रावर चढवून अंतिम आकार द्यायचा. भिंत किती जाड ठेवायची याचा ढोबळ हिशेब म्हणजे व्यासाच्या एक दशांश. माझा वाडगा २९२ मिमीचा होता, म्हणून ३० मिमी ठेवली. साध्या वाडग्याला एवढं पुरतं. पायांच्या वाडग्याचं गणित वेगळं असतं, आणि पहिला ठोकळा त्यातच गेला.

पाय वेगळे चिकटवत नाहीत, ते अंगचेच असतात. बुडाखाली लाकडाचं एक जाड कडं सोडायचं आणि नंतर त्या कड्याचा मधला भाग कापून काढायचा. उरतात ते पाय. पहिल्या ठोकळ्यात मी कडं न काढता सगळं बूडच भरीव सोडलं होतं. पाय कुठे, किती उंच, ते नंतर ठरवू म्हणून. भिंत ३० मिमी आणि बूड ६५ मिमी. मे महिन्यात भिंत भराभर वाळून आकसू लागली आणि बूड मात्र आतून ओलंच. अकराव्या दिवशी बुडाच्या कडेला केसाएवढी रेघ दिसली, पंधराव्या दिवशी तिच्यात व्हिजिटिंग कार्ड शिरत होतं. तो वाडगा आता शेडमध्ये स्क्रू ठेवायच्या कामी येतो.

दुसऱ्या ठोकळ्याला शहाणपण सुचलं. कड्याच्या आतलं लाकूड खालच्या बाजूनेही कोरून काढलं. कडं ३० मिमी, भिंत ३० मिमी, बूडही ३० मिमी. सगळीकडे जाडी सारखी असली की सगळीकडचं वाळणंही सारखं होतं. कड्याच्या ज्या दोन टोकांना लाकडाच्या रेषांची, म्हणजे तंतूंची, तोंडं उघडी पडतात तिथे मेण लावलं, वाडगा त्याच्याच छिलक्यात पुरून कागदी पिशवीत घातला, वजन केलं आणि पिशवीवर तारीख लिहिली. सुरुवातीला वजन ३ किलो ६४० ग्रॅम भरलं. पहिल्या आठवड्यात साडेतीनशे ग्रॅम उतरले, मग वेग मंदावत गेला. जुलैअखेर २ किलो ४१० वर काटा स्थिर झाला आणि ऑगस्टमधल्या संततधारेत उलटा पंधरा ग्रॅम वर गेला. यात घाबरण्यासारखं काही नसतं. लाकूड हवेशी देवघेव करतच राहतं. वजन उतरायचं थांबलं आणि पावसाबरोबर वरखाली व्हायला लागलं, की लाकूड हवेच्या बरोबरीला आलं असं समजायचं. सप्टेंबरच्या शेवटी २ किलो ३९० भरलं, तेव्हा लेथवर घेतला.

तोंड तोवर लंबगोल झालं होतं. रेषांच्या दिशेने २९२ मिमी होतं तसंच, आडवं मोजलं तर २८१. रेषांच्या दिशेने लाकूड जवळजवळ आकसतच नाही, सगळं आकसणं आडवं. चार-पाच महिने वाट पाहायची ती या अकरा मिलिमीटरसाठी. हे आकसणं अंतिम आकार दिल्यावर झालं असतं तर वाडग्याची होडी झाली असती.

पुन्हा कातण्यात विशेष काही घडलं नाही. बाहेरचा बाक, मग कडं, मग आतली पोकळी. भिंत ९ मिमी, बूड १२ मिमी आणि कड्याची उंची ३२ मिमी. लेथच्या इंडेक्स प्लेटला, म्हणजे समान भाग पाडायच्या चकतीला, चोवीस खाचा असतात; त्यांतल्या दर आठवीला कड्यावर पेन्सिलची खूण. तीनच पाय का, तर तीन पायांची वस्तू कशाही जमिनीवर डुगडुगत नाही. चौरंगाच्या एका पायाखाली कागदाची घडी सरकवायचा अनुभव घरोघरी असतो, अडणीखाली कोणी कधी घडी घातलेली नाही.

काठावरच्या कोयऱ्या मिस्त्रीकाकांनी वाडगा लेथवर असतानाच कोरल्या. लेथचा चक, म्हणजे वाडगा धरणारा जबडा, लॉक केलेला, म्हणजे वाडग्याला आयती पकड. खोली तीन मिमीच. आंब्याच्या लाकडाची रेषा काही ठिकाणी उलटसुलट जाते. एका बाजूने पटाशी लोण्यासारखी चालते आणि पलीकडून तीच पटाशी लाकडाच्या चिंध्या काढते. काकांची पद्धत अशी की कोयरीच्या पोटाची रेघ दोन्ही टोकांकडून मध्यावर आणायची, एका दमात फिरवायची नाही. मध्ये जिथे दोन घाव भेटतात तिथे पटाशी न ठोकता नुसती हाताने दाबायची. चौतीस कोयऱ्यांना त्यांना दीड दिवस लागला. नंतर तेवढ्याच वेळात माझा एकच पाय आकाराला आला.

लेथच्या कामात यंत्र तुमची बाजू सांभाळतं. पायांच्या कामात ते थांबलेलं असतं. दोन पायांमधलं कडं करवतीने कापलं की खाली जो ओबडधोबड पट्टा उरतो तो वाडग्याच्या बाकाशी असा मिळवायचा, की तिथे कधी कडं होतं हे बोटालाही कळू नये. आधी गोल पटाशी, मग जाड दाताची कानस, मग गुंडाळलेला काचपेपर. डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही. डोळे मिटून अंगठा फिरवायचा आणि तो जिथे अडखळेल तिथे पेन्सिलने फुली मारायची. माझे तीन दिवस यात गेले. पाय फोटोतल्यासारखे झाले होते. मानेशी बारीक, खाली बाहेर वळलेले, टोकाला लहानशी गाठ. शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला मी ते दाखवले.

आणि मग टक्.

पहिला संशय लाकडावर घेतला. कोवळा भाग, कुजला असेल, आतून भुंग्याने पोखरला असेल. तुटलेला पृष्ठभाग उन्हात धरला तर स्वच्छ, कोरडा आणि सपाट, वेफर बिस्किट मोडल्यावर पापुद्रा दिसतो तसा. कूज नाही, भोक नाही. कॅलिपर घेतला. दोन पायांची मान ११ मिमी होती, याची ९. शिवाय आतल्या कोपऱ्यात, पाय जिथे बुडाला मिळतो तिथे, करवतीची एक बारीक खाच राहून गेली होती. कोपरा गोल न होता काटकोनात राहिला होता. ताण अशाच खाचेत गोळा होतो. प्लास्टिकच्या पिशवीला वर बारीकशी चीर दिली की ती सरळ फाटत जाते, तसं. हाच पाय का तुटला, याचं उत्तर तिथे मिळालं.

पण उरलेले दोन पाय तरी कशाच्या बळावर उभे होते? वाडग्याच्या ठोकळ्यात लाकडाच्या रेषा आडव्या धावतात, या काठापासून त्या काठापर्यंत. पाय खाली येतो, म्हणजे पायातही रेषा आडव्याच असतात, एकावर एक रचलेल्या पत्त्यांसारख्या. पत्त्यांचा कॅट वरून दाबला तर हत्तीचंही वजन घेईल, बाजूने ढकलला की सरकतो. लाकूड रेषांच्या दिशेने ओढलं तर जेवढं टिकतं, त्याच्या वीसेक पटीने कमी ते आडवं ओढल्यावर टिकतं. सरळ उभ्या, बुटक्या पायाला वरून फक्त दाब येतो आणि त्याचं भागतं. पायाला बाहेर वळण दिलं की वजन मानेच्या बाहेर पडतं, मान वाकू पाहते आणि तिच्या आतल्या बाजूला नेमका तो आडवा ताण येतो. वाडगा तिरका टेकला तेव्हा तिन्ही पायांचं ओझं एकट्याने घेतलं ते सगळ्यात बारीक मानेने.

काका काय म्हणत होते ते आता डोक्यात शिरलं. पाय पितळेचा होता. पितळ ओततात, ठोकतात, त्याला रेषा नसते. पेन्सिलीएवढा पायही सगळ्या दिशांनी सारखाच बळकट. मला सोडून सगळ्यांना हे ठाऊक असावं. बाजीराव रस्त्यावरच्या केळकर संग्रहालयात मी कितीदा गेले आहे, तिथल्या दिव्यांचे आणि भांड्यांचे पाय वहीत काढून आणले आहेत, पण वहीत धातू आणि लाकूड सारखंच दिसतं. आपल्याकडे पायाचं भांडं म्हटलं की डोळ्यांसमोर येतात तांबं, पितळ, चांदी. तांबट आळीत घडलेलं प्रमाण नजरेत इतकं बसलेलं असतं, की जाड पाय दिसला की हात आपोआप कानस उचलतो. जुन्या सुतारांनी लाकडी पाय बारीक केला तो बहुतेक वेगळ्या उभ्या लाकडातून काढून, टोकाला कुसू, म्हणजे बारीक खुंटी, पाडून भोकात बसवलेला. पाटाचे पाय बुटके आणि रुंद ठेवले तेही उगाच नाही.

आता पुढे काय? तीन वाटा होत्या. तिन्ही पाय छाटून साधी गोल बैठक करायची, म्हणजे सुरक्षित पण काकूंना हवं होतं ते नाही. पाय छाटून उभ्या रेषेचे नवे पाय कुसू करून बसवायचे. हे तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात योग्य, पण १२ मिमीच्या बुडात कुसवाला जागा मिळते जेमतेम सात-आठ मिमी. तिसरी वाट म्हणजे तोच पाय परत चिकटवायचा. ऐकायला ही सगळ्यात कच्ची वाटते, पण तुटलेला पृष्ठभाग रेषांना समांतर होता आणि अशा दोन पृष्ठभागांमध्ये पांढरा फेव्हिकॉलसुद्धा लाकडाइतकाच घट्ट बसतो. सांधा कच्चा राहणार नव्हता. कच्चं राहणार होतं ते सांध्याच्या वरचं आणि खालचं लाकूड.

मी काकूंना फोन केला आणि जे झालं ते सांगितलं. चिकटवून गप्प बसता आलं असतं, सांधा कोणाला दिसला नसता. पण तीच वस्तू उद्या त्यांच्या हातात तुटली असती. त्या म्हणाल्या, “पाय तोच ठेव गं. नवा नको. तुटलेला असला तरी आमच्या झाडाचा आहे.” मजुरीतले दीड हजार मी आपणहून कमी केले. त्यांनी घासाघीस केली ती उलट बाजूने, आणि शेवटी हजारावर आलो.

चिकटवताना घासून सपाट करायचा मोह होतो, तो टाळायचा. मोडलेली बाजू मोडली तशीच ठेवली की दोन्ही तुकडे एकमेकांच्या दातांत बरोबर बसतात. क्लॅम्प लावायला सपाट जागा नव्हती म्हणून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळल्या. दुसऱ्या दिवशी तिन्ही पायांत खालून ४ मिमीचं उभं भोक पाडलं. पायाचे ३२ मिमी आणि वर बुडात ६, एकूण ३८. ड्रिलच्या पात्यावर चिकटपट्टीची खूण करून, श्वास धरून. बुडात वर सहाच मिमी उरत होते, थोडा जास्त जोर पडला असता तर आतून भोक दिसलं असतं. त्यात बांबूच्या खुंट्या अराल्डाइटने बसवल्या. बांबूचे तंतू उभे, लाकडाचे आडवे. पत्त्यांच्या कॅटमधून सुई ओवल्यासारखं झालं. मग मी आणि काकांनी मिळून मानेच्या आतल्या कोपऱ्यांना गोलाई दिली आणि पायांच्या टोकांचं बाहेरचं वळण घासून निम्मं केलं. आता ते फोटोतल्या पायांसारखे दिसत नव्हते. काका म्हणाले, “आता झाले लाकडाचे.”

पॉलिशमध्ये एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. चिकटवलेल्या जागी फेव्हिकॉल पुसला तरी त्याचा पातळ थर रेषांत मुरतो. कोरड्या लाकडावर तो दिसत नाही, पॉलिश चढलं की फिकट डाग उठतो आणि मग सगळं खरवडावं लागतं. म्हणून शेवटच्या काचपेपरनंतर सगळीकडे स्पिरिटचा बोळा फिरवायचा. ओलं असेपर्यंत लाकूड पॉलिश केल्यासारखं दिसतं, डाग आणि काचपेपरचे आडवे ओरखडे तेवढ्यात पकडायचे. मला चार ओरखडे आणि बोटाच्या ठशाएवढा एक डाग मिळाला. त्यानंतर चपडीचं, म्हणजे लाखेचं, पातळ पॉलिश, लिटरभर स्पिरिटला १२० ग्रॅम. पहिला हात परतीच्या पावसाच्या संध्याकाळी दिला आणि पृष्ठभाग दुधाळ झाला. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि थरात अडकतं. पाऊस उघडल्यावर कोरड्या दुपारी स्पिरिटचा ओलसर बोळा हलकेच फिरवला तेव्हा पांढरेपणा गेला. मग उरलेले हात आणि शेवटी मेण. पायांच्या खाली आणि बुडालाही तेवढेच हात दिले. आतून बंद आणि खालून उघडं असं लाकूड ठेवलं तर ते दमट हवेशी एकाच बाजूने देवघेव करतं आणि पुन्हा वाकायला बघतं.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी वाडगा काकूंच्या घरी पोचला. सगळे मिळून एकतीस तास. पहिला वाया गेलेला ठोकळा त्यात धरलेला नाही.

पुढच्या मेमध्ये काकूंचा फोन आला. पाय ठीक होते. गेल्यावर आधी तोंड मोजलं, दीड मिमीचा फरक होता. म्हणजे काहीच नाही. पण शोकेसच्या काचेवर, एका पायाखाली, मैद्यासारखी बारीक पूड पडली होती. चिमूटभर. भिंगातून बघितलं तर पायाच्या बाहेरच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढी दोन भोकं. पॉलिशवरून कोणी आत शिरलं नव्हतं. अळी आधीपासूनच आत होती, आता भुंगा होऊन बाहेर पडत होती. न घेतलेला बोरॅक्सचा टब मला आठवला.

पॉलिश केलेल्या वस्तूवर औषध चोपडायचं तर पॉलिश बिघडतं. गारठ्याने मात्र अळी मरते. वाडगा प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा, हवा काढून तोंड चिकटपट्टीने बंद करायचं आणि उणे अठरा अंशांवर दोन आठवडे ठेवायचा. बाहेर काढल्यावरही पूर्ण दिवसभर पिशवी उघडायची नाही, नाहीतर गार लाकडावर दव धरतं. काकूंकडे डीप फ्रीझर होता. झाकण उघडलं तर तो गच्च भरलेला. आमरसाचे डबे, त्याच अंगणातल्या शेवटच्या मोसमाचे, प्रत्येकावर तारीख लिहिलेली. आम्ही दोघींनी सात डबे शेजारच्यांकडे पोचवले आणि त्या जागी वाडगा ठेवला.